या वयात कशाला?

आज एका ओळखीच्या काकांकडे गेले होते. काका समोरच बसलेले आणि मुलगा मला सांगतोय, "डॉक्टर कानात ऑपरेशननं बसवायचं ते कॉक्लियर इम्प्लांट करा म्हणतात. पण अठ्ठ्याहत्तर झाली, आता या वयात कशाला?" काका माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, काहीतरी गमतीचं चाललंय.

तिथे गप्प बसले, म्हणून इथे बडबडतेय.

ते हसू मला पाठ आहे. माझी आई सहा वर्षं तशीच हसायची. सगळे हसले की किंचित उशिरा. "काय झालं गं?" असं तिनं विचारलं की आम्ही म्हणायचो, "काही नाही." पुढे तिनं विचारणंच सोडलं. आणि आम्ही म्हणतोय, आई किती शांत झाली हो!

मोतीबिंदू काढताना कुणी म्हणतं का, या वयात कशाला? मग कानानंच काय घोडं मारलंय? "कानाचं मशीन आहे की!" अहो, मशीन आवाज फक्त मोठा करतं. आतल्या पेशीच गेल्या असतील तर मोठ्यानं ऐकू येतो तो नुसता कालवा. इम्प्लांट त्या पेशींना वगळून थेट नसेला संदेश देतं. वयाची वरची मर्यादा नाही, तब्येतीला ऑपरेशन झेपलं पाहिजे. आणि कान जितकी वर्षं बंद, तितके शब्द पुन्हा लागायला जड. थांबून काय मिळवताय?

बरं, जादू नाही, मान्य. उरलंसुरलं ऐकू येणं जाऊ शकतं, गर्दीत अजूनही त्रास होतो. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी आईचं यंत्र सुरू केलं तेव्हा ती रडली. "सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलताय." मग रोज अर्धा तास मी तोंडासमोर वही धरून शब्द वाचायचे. मी "काल" म्हणायचे, ती "गाल". दोघीही वैतागायचो.

त्या मुलावर आता तितकी चिडलेली नाहीये. "या वयात कशाला" हे मीसुद्धा म्हटलं होतं, तेही आईच्या समोर बसून.

पाचव्या महिन्यात एकदा तिच्याकडे पाठ करून फोनवर हळूच म्हणाले, "आईला नको सांगूस."

मागून आवाज, "काय नको सांगूस?"

सवयीनं तोंडातून गेलं, "काही नाही."

"काही नाही नाही. सांग."