‘आधी घारींची नोंदणी करा’: भटक्या यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भटक्या,

“हौशी माणसाच्या ड्रोनला नंबर लावून विमानं सुरक्षित होणार असतील, तर आधी मुंबई विमानतळावरच्या घारींची नोंदणी करा.” वाक्य झकास जमलंय, मनापासून हसलो. पण उत्तर लांबणार आहे, कारण एका दमात तुम्ही बरंच काही सुनावलंत. पक्षी जास्त धोकादायक, लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन सापडलाच नाही, अमेरिकेत कोर्टानेच नोंदणी उडवली, आणि तुमचा परदेशातून आलेला ड्रोन तर कुणी नोंदवूनच घेत नाही. माझ्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं की अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन हौसेने उडवणाऱ्यानेही नोंदणी टाळू नये. त्यावर मी अजून ठाम आहे.

घारींपासून सुरू करू. पक्षी विमानांना ड्रोनपेक्षा कितीतरी जास्त वेळा धडकतात, यात वादच नाही. २००९ मध्ये न्यू यॉर्कला पक्ष्यांच्या थव्याने एका एअरबसची दोन्ही इंजिनं निकामी केली आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. पण पक्षी आदळणार हे गृहीत धरूनच विमान बांधतात. मोठ्या प्रवासी विमानाची पुढची काच सुमारे १.८ किलोच्या पक्ष्याची धडक सोसू शकते हे आधी सिद्ध करावं लागतं. ड्रोनसाठी अशी अट नाही. शिवाय पक्षी म्हणजे मांस आणि पोकळ हाडं, ड्रोन म्हणजे मोटारी, बॅटरी आणि कॅमेरा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने साधारण एक किलोचा फँटम ड्रोन ताशी २३८ मैल वेगाने एका लहान विमानाच्या पंखावर डागला. तो पंखाची कड फोडून आत घुसला आणि पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य आडव्या दांड्याला त्याने इजा केली. तेवढ्याच वजनाच्या जिलेटिनच्या ‘पक्ष्या’ने वरून जास्त नासधूस केली, पण तो इतका खोल गेला नाही. फँटम बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने लगेच तक्रार केली की एवढा वेग प्रत्यक्षात शक्यच नाही. बरं, वेग कमी धरा. इजा कमी होईल, बॅटरी काही मऊ होणार नाही.

आता तुमचं ‘२४९ ग्रॅमचं निरुपद्रवी खेळणं’. हा अडीचशेचा आकडा आला कुठून हे पाहण्यासारखं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत ड्रोन नोंदणीसाठी नेमलेल्या समितीने हिशेब मांडला तो जमिनीवरच्या माणसाच्या डोक्याचा. एवढ्या वजनाची वस्तू वरून पडली तर सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने आदळते, म्हणजे ऊर्जा ८० जूलच्या आसपास. विमान त्या गणितात नव्हतंच. उतरणारं प्रवासी विमान सेकंदाला ७० मीटरच्या आसपास वेगात असतं. तेच अडीचशे ग्रॅम त्या वेगाला धरा, सहाशे जूलच्या वर जातात. म्हणजे हलका ड्रोन तिथल्या नियमात सुटला म्हणून आकाशातही सुटला असं होत नाही.

गॅटविकबद्दल तुमचं बरोबर आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नाताळच्या तोंडावर विमानतळ ठप्प झाला, सुमारे एक हजार विमानांचं वेळापत्रक कोलमडलं, आणि ड्रोन कुणाचा, मुळात होता का, हे आजतागायत ठरलेलं नाही. जवळच राहणाऱ्या एका जोडप्याला पोलिसांनी उचललं, दीड दिवस डांबलं आणि पुढे भरपाई आणि कोर्टखर्च मिळून सुमारे दोन लाख पौंड मोजले. यादी हाताशी असली की पोलीस यादीतल्याच दारावर थाप मारतात, ही तुमची भीती खोटी नाही. अमेरिकेच्या निकालाचं मात्र अर्धंच सांगितलंत. मे २०१७ मध्ये कोर्टाने हौशी ड्रोनची नोंदणी रद्द केली, कारण २०१२ च्या कायद्याने मॉडेल विमानांसाठी (हौशी ड्रोन त्यातच मोडतात) नवे नियम करायला तिथल्या विमान प्राधिकरणाला बंदी होती. नोंदणी फोल आहे असं कोर्ट म्हणालं नाही. त्याच डिसेंबरात तिथल्या संसदेने कायदा करून ती परत आणली.

माझ्या मते वादाचा खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो खऱ्या धडकांमध्ये दिसतो. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर एका फँटम ४ ला धडकलं. पात्याला खड्डा पडला, हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. ड्रोनचा मालक अडीच मैलांवर उभा राहून टॅबलेटकडे बघत होता. ड्रोन परत येईना तेव्हा बिघडून पाण्यात पडला असेल असं समजून तो घरी गेला. धडक झाली हे त्याला कळलं ते तपास अधिकाऱ्यांकडून. ते त्याच्यापर्यंत पोचले कसे? ड्रोनचे तुकडे हेलिकॉप्टरमध्ये अडकले होते, त्यावरच्या क्रमांकावरून कंपनीच्या विक्री-नोंदी निघाल्या. सुटे भाग जोडून घरी बनवलेला ड्रोन असता तर हा धागाच नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला ड्रोनने भोक पाडलं, ते काही दिवस जमिनीवर राहिलं. तिथेही ड्रोन उडवणाऱ्याच्या नजरेआड गेला होता.

तुमच्या बाजूचा दाखला मीच देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅनडात टोरांटोजवळ उतरणाऱ्या सेसना विमानाला पोलिसांचाच ड्रोन धडकला. प्रशिक्षित चालक, सरकारी काम, कागदपत्रांना तोटा नाही. नोंदणीने धडक टळत नाही. धडक टळते ड्रोन आणि त्याच्याभोवतीचं आकाश सतत डोळ्यांसमोर असण्याने. आणि आपल्याकडे नेमकं तेच कुणी करत नाही. राजगडावर एक मुलगा पाहिला, मान खाली, स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून टोपी धरलेली. ड्रोन बालेकिल्ल्याच्या पलीकडे गेलेला. “दिसतोय का?” विचारलं तर म्हणाला, “दिसतंय ना सगळं,” आणि स्क्रीन माझ्यापुढे केली.

मग नोंदणी कशाला? धडकेनंतर यंत्रामागचा माणूस सापडावा म्हणून, आणि आपण सापडू शकतो हे त्याला आधीच ठाऊक असावं म्हणून. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात गावंच्या गावं रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या धास्तीने जागी होती. कुणाचे, कशासाठी, कुणाला सांगता येईना. ड्रोनवरचा नंबर अंधारात खालून वाचता येत नाही हे उघड आहे, म्हणून ओळख हवेतच प्रसारित करणारी सोय हवी. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशा गोष्टी पुढे सक्तीच्या करण्याची तरतूद आहे.

शेवटच्या तक्रारीवर मी पूर्ण तुमच्यासोबत. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सूट फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी. नोंदणीची फी शंभर रुपये ठेवायची आणि हौशी माणसाला परवडेल असं यंत्र सरळ मार्गाने मिळूच द्यायचं नाही, हा निव्वळ आडमुठेपणा आहे. अशाने लोक चोरवाटेने घेतात आणि मग नोंदणीच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.

जाता जाता तुम्ही विचारलंय की भाचीच्या लग्नात, पुण्यातल्या विमाननगरच्या कार्यालयावरून, पाच मिनिटं उडवला तर काय बिघडतं. लोहगावची धावपट्टी शेजारीच आहे, तीही हवाई दलाची. तिथे नोंदणी असूनही चालणार नाही, खास परवानगी लागेल. आणि पैसे देऊन छायाचित्रकार आणलात तर त्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आधी बघून घ्या. वरातीचं शूटिंग गच्चीवरून छान होतं.