बोटांच्या ठशांवरून बुद्धी मोजता येत नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘डीएमआयटी’चा (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट, म्हणजे ठशांवरून बुद्धी सांगणारी चाचणी) संदेश फिरतो: ठसे आणि मेंदू गर्भात एकाच वेळी घडतात, म्हणून दहा बोटं स्कॅन केली की मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता कळते. हे खरं नाही. त्यामागचे दावे एकेक करून पाहू.

‘एकाच वेळी घडतात.’ ठशांच्या रेषा साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटतात आणि पाचव्या महिन्यापर्यंत कायम होतात. मेंदूपेशींच्या जोडण्या मात्र विशीपर्यंत जुळत आणि छाटल्या जात असतात. शंख येणार की चक्र, हे गर्भाच्या बोटाच्या टोकाला येणाऱ्या फुगवट्यावर ठरतं. तो उंच असताना रेषा उमटल्या तर चक्र, ओसरत असताना शंख, जवळजवळ सपाट झाल्यावर कमान. यात बुद्धीचा संबंध कुठेच येत नाही.

‘रेषा जास्त, तर मेंदूपेशी जास्त.’ तीन बाजूंच्या रेषा जिथे भेटतात त्या त्रिकोणापासून ठशाच्या केंद्रापर्यंत रेषा मोजतात. साध्या कमानीत तो त्रिकोणच नसतो, म्हणून मोजणी शून्य. मग डीएमआयटीने त्या बोटाच्या नावावर मांडलेली क्षमताही शून्य धरायची का?

‘डाउन सिंड्रोममध्ये ठसे वेगळे असतात, म्हणजे ठशांचा बुद्धीशी संबंध आहे.’ ठसे वेगळे असतात, कारण 21व्या गुणसूत्राची जादा प्रत साऱ्या शरीरावर परिणाम करते. तरी पक्कं निदान गुणसूत्रं तपासूनच होतं.

‘निकाल कधी बदलत नाही.’ रक्तगटही बदलत नाही, पण म्हणून तो बुद्धी सांगतो असं नाही.

‘वर्णन तंतोतंत जुळलं.’ 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना एकच मजकूर ‘तुमचं विश्लेषण’ म्हणून दिला. तो किती जुळतो याला त्यांनी सरासरी 5 पैकी 4.26 गुण दिले. ‘मूल हुशार आहे, पण मन लावत नाही’ हे कोणत्या घरात पटणार नाही?

खऱ्या बुद्धिमत्ता चाचणीत मूल काहीतरी करतं: लाल-पांढरे ठोकळे जुळवतं, ऐकलेले अंक उलटे म्हणतं. एका वेळी एकच मूल, तासभर तरी, समोर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ. गुणांची तुलना त्याच वयाच्या मुलांशी होते. सरासरी 100, आणि साधारण 68 टक्के मुलं 85 ते 115 मध्ये. व्ही. व्ही. कामत यांनी बिने ही मूळ फ्रान्समधली बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली ती याच कारणाने: परक्या मुलांच्या मापाने आपलं मूल मोजता येत नाही.

चुका इथेही होतात. अंक सेकंदाला एक या गतीने वाचायचे असतात. दोन-दोनचे गट करून वाचले तर गुण खोटे वाढतात. चष्मा घरी राहिला, मूल तापातून उठलेलं असलं, सूचना घरच्या भाषेत नसल्या, तर गुण घसरतात. म्हणून अहवालात चाचणीचं नाव, भाषा आणि नुसत्या आकड्याऐवजी गुणांचा पल्ला लिहिलाय का ते बघा. नसेल तर मागून घ्या.