नुसतं हिरवं 'काम पूर्ण झाले'

अरे, चालत नसेल तर चालत नाही म्हणून सांग की! खोटं कशाला बोलतोस?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीवर लिनक्सवरचा बटणांचा प्रोग्राम आहे. दिवसभराच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पावत्या, गोळा करून एक पीडीएफ करायची, एवढंच त्या बटणाचं काम. तेही ते स्वतः करत नाही, मागून शेलला, म्हणजे लिहिलेले हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रामला, कमांड सोडतं. सोडू दे, त्याला कुणाची ना नाही. पण कमांड चालली का, हे विचारायचं कुणी? शेल बिचारं १२७ परत करतंय, म्हणजे असली कमांडच सापडली नाही. आणि खिडकीत हिरव्या अक्षरांत 'काम पूर्ण झाले'! फोल्डर रिकामं, शेतकरी ताटकळलेला, दिवाणजी माझ्याकडे बघतायत.

तीच कमांड टर्मिनलात, म्हणजे हुकूम हातानं टाइप करायच्या खिडकीत, टाकली की झटक्यात चालते. टर्मिनल उघडताना बॅशआरसी नावाची सेटिंगची फाइल वाचली जाते, आणि कमांडी कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, म्हणजे पाथ, तिथं लिहिलाय. आयकॉनवरून सुरू झालेल्या प्रोग्रामला त्या फाइलचा पत्ताच नसतो. मग कमांड कुठल्या फोल्डरात आहे तो पूर्ण पत्ता लिहायला हात मोडतो का?

तो मी घातला, तर पुढचं दुखणं. फाइलचं नाव 'राजापुरी हळद मार्च'. दिवाणजी असंच नाव देणार, का देऊ नये? पण लिहिणाऱ्या महाशयांनी अवतरणचिन्हं न लावता सगळं एका ओळीत चिकटवून शेलकडे ढकललंय. शेलनं त्याचे तीन तुकडे केले, तीन फाइली शोधल्या, एकही मिळाली नाही. खिडकी? हिरवी! उद्या कुणी नावात अर्धविराम टाकला तर त्यापुढचं सगळं नवी कमांड म्हणून चालेल, मग बसा बोंबलत. प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिलाय, आणि पायथॉनच्या सबप्रोसेसला, म्हणजे दुसरे प्रोग्राम चालवायच्या सोयीला, शब्दांची यादी सरळ देता येते, मध्ये शेल लागतच नाही. पण 'shell=True', म्हणजे 'शेलमधूनच चालव', लिहिलं की झालं यांचं.

आणि डोकं फिरवणारा प्रकार तर वेगळाच. आवक कमी असली की सगळं गुण्यागोविंदानं चालतं. ऐन हंगामात, यार्ड भरलेलं असताना, खिडकी गोठते. का? कमांड आपल्या तक्रारी पाइपमध्ये, म्हणजे तिच्यापासून प्रोग्रामपर्यंतच्या नळीत, लिहीत राहते आणि या बाजूला वाचणारं कुणी नाही. लिनक्सचा पाइप साधारण ६४ केबीचा. तो भरला की कमांड जागेवर थांबते. प्रोग्राम ती संपायची वाट बघत बसतो, ती पाइप रिकामा व्हायची. दिवाणजी बटण दाबतायत, दाबतायत... नुसतं थांबणाऱ्या 'wait'च्या जागी वाचत थांबणारं 'communicate' लिहिलं असतं तर पाइप वाचला गेला असता. एका शब्दाचं काम, राव!

वर यंदाचं देखभालीचं बिल आलंय. जीएसटीसकट.