आबांची बशी

देवळातल्या कासवाचं बरं असतं. गाभाऱ्यासमोर दगडात बसून राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याचा नमस्कार घ्यायचा, पाणी मागायचं नाही. आमचे आबा जिवंत आहेत आणि इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहतात. लेकीच्या हट्टापायी घरात आलेलं हे हॉर्सफील्ड जातीचं कासव, मूळचं मध्य आशियातल्या रखरखाटातलं. (भारतात तारा कासव घरात ठेवलं, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दारात उभा राहतो. इथे ही जात रीतसर पाळता येते, आणि एकदा आणली की चाळीस-पन्नास वर्षं पाळावीही लागते.)

आबांना पाण्यासाठी भांडं हवं, एवढाच विषय. मराठी घरात भांड्यांना काय तोटा! आई पुण्याहून येताना दर खेपेला एखादं घेऊनच येते. पण आबांसमोर एकेक मांडायला लागले आणि माझा सगळा संसार नापास होत गेला. परातीची कड उंच. आबा आत जाणार कसे, आणि गेलेच तर निघणार कसे? वाटी कलंडते. स्टीलच्या ताटात त्यांना दुसरे आबा दिसले, आणि त्यांनी त्या आबांना अशी धडक दिली की पाणी थेट माझ्या मोज्यांत. मग नजर ताम्हणाकडे गेली. पसरट, उथळ, जड.

"ताम्हणात कासव?" व्हिडिओ कॉलवरून आई किंचाळली. "अगं, देवाचं ते!"

"कासवही देवाचंच ना? विष्णूचा दुसरा अवतार."

"अवतार असू दे. शी कुठे करणार तो?"

आईला या विषयात अधिकार आहे, कारण तिच्याकडे स्वतःचं कासव आहे. पितळी. काचेच्या ताटलीत, पाण्यात, उत्तरेकडे तोंड करून. भांडं कसलंही चालेल, दिशा चुकवू नको, हा तिचा सल्ला.

नवऱ्याने मग दुकानातून खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचं भांडं आणलं. देखणं. नकली खडक, चढायला उतार आणि मध्ये चक्क डोह. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी डोह! जमिनीवरचं कासव पाण्यात बुडतं. कडेवरून घसरून पाठीवर पडलं, तर बोटभर पाणीही त्याला पुरतं. पाण्याबाहेर उताणं पडलं, तर भाजायला पेटीवरचा गरम दिवा आहेच. "पण खोक्यावर कासवाचं चित्र आहे," नवरा म्हणाला. चित्रातलं कासव पोहत होतं.

नवरा सहजासहजी हार मानत नाही. "सप्टेंबर १९६८," तो म्हणाला. "रशियाच्या झोंड-५ यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून आली. माणसाच्या आधी! परत आली तेव्हा वजन फक्त दहा टक्के घटलेलं. आणि यांना एवढीशी कड जड?" मी म्हटलं, चंद्रावर पाणी नाही, म्हणून सुखरूप आली.

माप लेकीने काढलं. पाणी कासवाच्या हनुवटीच्या वर जाता कामा नये. नियम सोपा आहे, फक्त पट्टी जवळ नेली की आबा हनुवटीसकट आत जातात. ती पट्टी धरून जमिनीवर पालथी पडून राहिली, आबा आत बसून राहिले, आणि दोघांपैकी शाळा फक्त तिला होती.

उत्तर निघालं कुंडीखालची बशी. साधी, भाजल्या मातीची, चकाकी नसलेली, म्हणजे नखं घसरत नाहीत. आबा सबंध मावतील एवढी रुंद, कड दोन-अडीच सेंटीमीटर. आबांच्या लाकडी पेटीतल्या मातीत कडेपर्यंत पुरून टाकली, की चढणं नाही आणि कलंडणंही नाही. किंमत एका कॉफीहून कमी. नकली खडकाची किंमत मी नवऱ्याला अजून अधूनमधून विचारते.

आबा चालत आले, पाण्यात उतरले, नाकासकट तोंड बुडवून बसले. गळा लयीत हलत होता. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो, चौथी पुण्याहून. पिऊन झाल्यावर आबांनी मान वर केली, समाधानाने डोळे मिटले आणि बशीतच कार्यभाग उरकला.

"आणि तू ताम्हण देत होतीस," आई म्हणाली.

आता बशी रोज घासायची, म्हणजे बदलीला आणखी एक हवी. बागेच्या दुकानात काउंटरवरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, कुंडी नको का? काय लावणार आहात यात? मी उत्तर जुळवेपर्यंत लेकीने तिच्या स्वच्छ इंग्रजीत सांगून टाकलं, "काही नाही, आमचे आजोबा बसतात यात."