कर नाही त्याला वकील कशाला? एका फॉरवर्डला उत्तर

'कर नाही त्याला डर कशाला' या म्हणीने सुरू होणारा एक मजकूर सोसायटीच्या, भावकीच्या आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचा सारांश असा: निर्दोष माणसाने पोलिसांना सगळे खरे सांगून मोकळे व्हावे. ठाण्यात वकील नेला की संशय वाढतो. वकील करायचा तो चार्जशीट आल्यावर. आणि करायचाच तर मोठ्या नावाचा, ठाण्यात वट असलेला, जामिनाची हमी देणारा. कारण सरकारकडून मिळणारा फुकटचा वकील पोलिसांचाच माणूस असतो.

मी फौजदारी वकिली करतो, तेव्हा या विषयात माझे पोट गुंतलेले आहे हे उघड आहे. तरी एकेक मुद्दा घेतो. विशेषतः तिसरा, कारण त्या सल्ल्यापायी माणसे खरोखर आत राहतात.

'खरे सांगून मोकळे व्हा.' खरे सांगायला कुणाचीच हरकत नाही, पण ते कागदावर कोण उतरवतो ते पाहा. बांधावरून भांडण झाले. तुम्ही अंमलदाराला सांगता, "तो कोयता घेऊन आमच्या वडिलांच्या अंगावर आला, म्हणून मी त्याला ढकललं, तर तो विहिरीच्या कठड्यावर पडला." कागदावर येते, "जमिनीच्या जुन्या वादाच्या कारणावरून मी सदर इसमास धक्का दिला असता तो कठड्यावर पडून जखमी झाला." कोयता गेला, वडील गेले, स्वसंरक्षणाचा बचावही गेला. अंमलदार खोटारडा असतो असे नाही. रात्री अकराला त्याच्यापुढे आणखी तीन फिर्यादी बसलेल्या असतात आणि त्याच्या हाताला ठरलेल्या वाक्यांची सवय असते.

यावर कुणीतरी हमखास म्हणतो की पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालतच नाही. बरोबर, भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. पण त्या कलमाला शेपूट आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून काठी, कोयता, मोबाइल असे काही सापडले, तर तेवढ्यापुरते त्याचे बोलणे पुराव्यात येते. शिवाय रागाच्या भरात तुम्ही उलट फिर्याद दिलीत, तर तिच्यात कबूल केलेली हजेरी नंतर तुमच्याच अंगावर येऊ शकते. राज्यघटनेच्या कलम २०(३) ने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क दिला आहे आणि तो पोलीस चौकशीच्या वेळीही लागू आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच नंदिनी सत्पथी प्रकरणात सांगितले. तिथे निर्दोषांना वगळलेले नाही.

'वकील नेला की संशय वाढतो.' वाढू द्या. संशयावर शिक्षा होत नाही. अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ मध्ये आहे, आणि चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३८ मध्ये. पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसवता येत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे. "साहेब, वकिलाला आत येता येत नाही" असे ठाण्यात ऐकवले जाते, ते या अर्ध्याच वाक्याच्या जोरावर.

अटक झालेली नसतानाही वकील लागतो. ठाण्यातून नोटीस आली की तिच्यावरचे कलम आधी बघावे लागते. त्याच संहितेचे १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. ३५(३) असेल तर संशयित म्हणून. पहिल्या प्रकारात स्त्रिया आणि साठीपुढचे पुरुष यांना ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसांनीच घरी यायचे असते. दुसऱ्या प्रकारात नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नका, असे सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये बजावलेले आहेच. मात्र हजर राहिल्याची लेखी पोच तुमच्या हातात हवी. ती मागायची असते हेच लोकांना ठाऊक नसते.

'वकील चार्जशीट आल्यावर करा.' या फॉरवर्डमधला सगळ्यात घातक सल्ला हाच.

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. त्या वेळी चार्जशीट नसते, असतो तो रिमांड अर्ज, म्हणजे पोलिसांचा कोठडी मागणारा अर्ज. त्यात नेहमीचीच कारणे: मुद्देमाल हस्तगत करणे आहे, साथीदारांचा शोध घेणे आहे, सखोल तपास करणे आहे, सबब सात दिवस पोलीस कोठडी मिळावी. नवखा वकील इथे "माझे अशील निर्दोष आहेत" यावर दहा मिनिटे बोलतो. रिमांडच्या टेबलावर त्या वाक्याला काडीची किंमत नाही, कारण निर्दोष की दोषी हा त्या दुपारचा प्रश्नच नसतो. मुरलेला वकील केस डायरीकडे, म्हणजे पोलिसांच्या तपासाच्या रोजच्या नोंदींकडे, बोट दाखवून विचारतो की मुद्देमाल काल संध्याकाळीच जप्त झाल्याचा पंचनामा आहे, मोबाइलही पोलिसांकडेच आहे, मग आता आरोपीचा देह कशासाठी हवा? सातचे दोन दिवस होतात, कधी थेट एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी, होतो. आणि एमसीआर झाला की नियमित जामिनाच्या अर्जाला वाट मोकळी होते.

अटकेची कारणे लेखी दिली का, हेही त्याच वेळी विचारायचे असते. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले की ही कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत, लेखी, आणि रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी मिळायला हवीत. हा मुद्दा पहिल्याच दिवशी हाती घ्यायचा असतो.

नव्या संहितेने आणखी एक गुंता वाढवला आहे. पूर्वी पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सुरुवातीलाच संपत. आता कलम १८७ प्रमाणे ते गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे एमसीआर झाला म्हणून घरच्यांनी सुस्कारा सोडला तरी पुन्हा पीसीआरची, म्हणजे पोलीस कोठडीची, मागणी येऊ शकते, आणि ती येईल त्या दिवशी विरोधाला कुणीतरी उभे लागते.

आता दिवसांची मोजणी. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास संपवून चार्जशीट दाखल झाले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. त्याला डिफॉल्ट बेल म्हणतात. त्यात गुन्ह्याचे गांभीर्य बघितले जात नाही. पण अट अशी की तो हक्क चार्जशीट येण्याआधी मागायला हवा. मुदत उलटली, तुम्ही गप्प राहिलात आणि पोलिसांनी दोन दिवसांनी चार्जशीट टाकले, की हक्क संपला. मोजणी किती काट्यावरची असते पाहा: रिमांडचा पहिला दिवस धरायचा की सोडायचा, हा वाद डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या वाधवान बंधूंच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो दिवस धरायचा असे ठरवले. हा अर्ज तोंडी केला तरी चालतो, हे २०१७ च्या राकेश कुमार पॉल निकालात आहे. आता सांगा, चार्जशीट येईपर्यंत वकीलच न केलेल्या माणसाच्या वतीने एकसष्टाव्या दिवशी सकाळी कोर्टात कोण उभे राहणार?

'मोठ्या नावाचा, वट असलेला, हमी देणारा.' हमीचे एका वाक्यात सांगतो: निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि जामीन न्यायाधीश देतात. 'ठाण्यात वट' म्हणजे बहुतेक वेळा मधल्यामध्ये पैसे फिरवणारा माणूस. त्या वाटेने गेलात तर लाचेची दुसरीच केस व्हायची.

मोठ्या नावाबद्दल मात्र थोडे थांबून. सीनियर अ‍ॅडव्होकेट हा दर्जा मिळालेले वकील स्वतः वकीलपत्र दाखल करत नाहीत. त्यांना दुसऱ्या वकिलामार्फत उभे करावे लागते. हायकोर्टातल्या अटकपूर्व जामिनाला किंवा गुन्हा रद्द करण्याच्या अर्जाला असे नाव उपयोगी पडते. पण तालुक्याच्या कोर्टात पंचाचा उलटतपास घ्यायचा तर रोज तेच काम करणारा माणूस हवा. आधीच्या जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदार कोर्टात पहिल्यांदा बोलला, तर ती वगळणूक तिथल्या तिथे टिपून तपासी अंमलदाराकडून सिद्ध करून घ्यावी लागते. ती राहिली की अपिलात हात चोळत बसायचे. अनुभव म्हणतात तो हा. म्हणून "किती केसेस जिंकल्या?" हा प्रश्न सोडा. दर तारखेला तुम्ही याल की ज्युनिअर? या कोर्टात सेशनच्या खटल्यांचे उलटतपास तुम्ही स्वतः घेता का? फी टप्प्याटप्प्याने किती, आणि पावती मिळेल का? एवढे विचारा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. प्रत्येक अर्जासाठी मुंबईची नावे धुंडाळायचे कारण उरलेले नाही.

'फुकटचा वकील पोलिसांचाच.' इथे दोन माणसांची गल्लत आहे. सरकारी वकील पोलिसांच्या बाजूने खटला चालवतो. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला वकील तुमचा असतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेला कुणीही यांना उत्पन्न न बघता तो मिळतो. वकिलाचा हक्क पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे आणल्यापासून लागू होतो आणि मॅजिस्ट्रेटने तो आरोपीला सांगितलाच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने ठणकावले ते २०१२ मध्ये कसाबच्या अपिलात. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत फक्त बचावाचेच काम करणारे पगारी वकील नेमले आहेत. त्यांच्यावर कामाचा बोजा असतो, आणि काहींची भेट थेट तारखेलाच होते, हे खरे. तरी पहिल्या रिमांडला कुणीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरे. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, फोन १५१००.

आणि घाईत चुकीचा वकील केला गेलाच, तर बदलता येतो. फी थकली म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट केले आहे. थकबाकीसाठी त्याने वेगळा दावा लावावा. फाइल मात्र नव्या वकिलाकडे पुढच्या तारखेआधी पोचली पाहिजे.