बटणं लपवू नका, जागेवरच राहू द्या

आमच्या क्लासला बचत गटाच्या एक सचिव ताई येतात. गटाचा हिशोब वहीत इतका चोख की रुपया इकडचा तिकडे नाही. एक्सेल शिकायचंय म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वरच्या 'होम'वर डबल क्लिक केलं (आपणच शिकवतो ना, फोल्डर उघडायचं तर डबल क्लिक) आणि बटणांची सगळी पट्टी गायब! "मॅडम, माझ्याकडून काय बिघडलं का?" म्हणत त्यांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. फार वाईट वाटलं मला. बिघडलं काहीच नव्हतं, परत डबल क्लिक केलं की पट्टी येते, पण हे त्यांना कळणार कसं?

सोपं करायचं म्हणजे जास्तीची बटणं लपवा, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० मध्ये तसंच होतं, जे कमी वापराल ते मेनूतून आपोआप लपायचं, खालच्या दोन बाणांवर क्लिक केलं की दिसायचं, म्हणजे काल बघितलेलं आज त्या जागी नाही. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कुणी रोज हलवल्या तर हात बसेल का कुणाचा? २००७ ला रिबन, म्हणजे वरची ही बटणांची पट्टी, आली आणि तो प्रकार गेला.

याच्या खूप आधी, १९८४ मध्ये, जॉन कॅरल आणि कॅरिथर्स या दोघा संशोधकांनी वर्ड प्रोसेसरवर (मजकूर टाइप करायच्या प्रोग्रॅमवर) एक प्रयोग केला होता. मेनू पूर्ण ठेवला, फक्त अवघड गोष्टी बंद केल्या. त्यावर गेलं की 'हे आत्ता मिळणार नाही' एवढाच मेसेज. नवखे लोक कमी अडकले आणि काम लवकर उरकलं. मला हवंय ते हेच! सगळं दिसू दे, जागेवर राहू दे, पण चुकून हात लागला तरी काही होऊ नये, आणि मेसेज मराठीत यावा. चाळीस वर्षं झाली हो या गोष्टीला, अजून आमच्या क्लासमध्ये बाया घाबरून हात मागे घेतातच.

सध्या मी एवढंच करते, ऑप्शन्समधून रिबन कस्टमाइज करून 'होम'सारखा पहिला टॅब 'बचत गट' नावाचा बनवते, त्यात बेरीज, सेव्ह, प्रिंट, अंडू (आत्ता केलेलं मागे घेणारं) अशी आठ-दहा बटणं, बाकीच्या टॅबना हात लावत नाही. अंडू सगळ्यात आधी शिकवते, तेच खरं धीर देतं.

तिसऱ्या आठवड्यात ताई आपणहून 'डेटा'वर गेल्या. "मॅडम, हे नरसाळ्यासारखं चिन्ह कशाचं?" फिल्टर दाखवला. हप्ता राहिलेल्या चौघींची नावं तेवढी स्क्रीनवर उरली, तशा त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आता मागच्या महिन्याचं काढू."