शेजारच्या पोराचं पुढे काय?

दहावीचा निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो. तुम्ही एक वाजून दहा मिनिटांनी फोन करायचा. त्याआधी केलात तर साइट उघडलेली नसते, आणि दोनपर्यंत थांबलात तर नाशिकच्या मावशीनं पोराला इंजिनिअर करून टाकलेलं असतं. आईबाप मुलाला वाढवतात, शाळा त्याची हजेरी घेते. पण त्याचं 'पुढे काय' हे ठरवायचं काम आपल्याकडे पहिल्यापासून काका, मामा, आत्याचे यजमान आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब यांच्याकडे आहे. हे चार शब्द तुमच्यासाठी. ज्याचा निकाल लागलाय त्यानं वाचले नाहीत तरी चालेल, त्याला तसंही कुणी काही विचारलेलं नाही.

फोन उचलल्यावर पहिला शब्द 'अभिनंदन' नको. 'किती?' हवा. 'पास झाला का' असं तर चुकूनही विचारू नका, तो अपमान समजला जातो. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, तेव्हा पास होण्यात आता काही राहिलं नाही असं तुम्हीच त्या वर्षी सोसायटीच्या गुणगौरव समारंभात म्हणाला होतात. आकडा ऐकला की दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. मग म्हणायचं, 'बरे आहेत.' ब्याऐंशीलाही बरे, ब्याण्णवलाही बरे.

अठ्ठ्याण्णववाल्याला पूर्वी 'दोन कुठे सांडले?' असं विचारायची सोय होती. ती आता गेली. पोरं थेट शंभर घेऊन येतात. २०२५ मध्ये राज्यात २११ जणांना शंभर टक्के पडले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. शंभरापुढे माणूस काय बोलणार, असं वाटून हाय खाऊ नका. शांतपणे विचारा, 'चित्रकलेचे धरून ना?' इंटरमीजिएटला ए श्रेणी असली की सात गुण वाढीव मिळतात, खेळाचे वेगळे, लोककलेचे वेगळे, शिवाय सहापैकी चांगले पाचच विषय धरतात. एवढं माहीत असलं की पुरे. पोरीनं सुट्टीत बसून काढलेलं स्थिरचित्र, त्यातली ती सुरई आणि दोन वांगी, सगळं तुमच्या एका प्रश्नात निकालात निघतं.

आता 'आमच्या वेळी'. हा भाग तुम्हाला शिकवायला नको. फक्त स्वतःचे टक्के सांगू नका, 'आमच्या वेळी साठ म्हणजे गावात मिरवणूक निघायची' एवढ्यावर थांबा. आपल्याला साठ होते असं ऐकणारा आपोआप धरून चालतो.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. मंडळाचे मागचे निकाल ओळीनं लावून पोराच्या हाती पडू देऊ नका. २०१८ साली ८९.४१ टक्के. २०१९ साली ७७.१०. २०२० साली ९५.३०. २०२१ साली ९९.९५. म्हणजे महाराष्ट्राची अक्कल एका वर्षात बारा टक्क्यांनी आटली आणि पुढच्याच वर्षी अठरानं वाढली. झालं होतं एवढंच, की २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढून घेतले होते, ते पुढच्या वर्षी परत दिले. त्या २०२० च्या मुलांचा भूगोलाचा पेपर तर टाळेबंदीत झालाच नाही, बाकीच्या विषयांवरून त्याचे गुण लावले. २०२१ ला परीक्षाच झाली नाही आणि निकाल आजवरचा सगळ्यात उत्तम लागला. परीक्षा हाच गुणवत्तेतला मोठा अडथळा आहे, हे तेव्हा सिद्ध झालं होतं; पाठपुरावा कुणी केला नाही.

तर एकाच घरात २०१९ ला थोरल्याला अडुसष्ट पडले आणि २०२० ला धाकटीला चौऱ्याऐंशी. तीच खोली, तोच क्लास, तेच गाईड, तेही अर्धं थोरल्यानंच खुणा केलेलं. अशा वेळी अंतर्गत गुणांबिंतर्गत गुणांत शिरायचं नसतं. थोरल्याच्या पाठीवर हात ठेवून, सगळ्यांसमोर, म्हणायचं, 'धाकट्या बहिणीकडून शीक जरा.' तो ते मनाला लावून घेईल. त्यानं काय करायचं नाही हे पुढची दहा वर्षं तोच स्वतः ठरवत राहील, तुम्हाला पुन्हा फोन करावा लागणार नाही. शासननिर्णय एका ठिकाणी निघतो, त्याची अंमलबजावणी दिवाणखान्यात होते, ती अशी.

मग येतं शाखेचं. नव्वदच्या वर सायन्स. इथे मुलाचं मत विचारणं म्हणजे वेळेचा अपव्यय. त्यानं चुकून इतिहासाचं नाव काढलं, तर 'एवढे मार्क वाया घालवणार?' असं म्हणावं. मार्क खर्च करायचे असतात आणि ते सायन्सच्या दुकानातच चालतात, अशी आपली पक्की समजूत आहे. ऐंशीच्या आसपासही सायन्सच, पण जरा सुस्कारा टाकून. सत्तरला कॉमर्स, 'सीए होईल' असं म्हणत. सीए होणं किती अवघड असतं याची चौकशी करू नये. साठच्या खाली आर्ट्स. आर्ट्स हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणावा, घरात कुणी आजारी असल्यासारखा.

आणि लगेच जोडून द्यावं, 'एमपीएससी कर.' इथे एक गंमत आहे, ती तुमच्यापुरतीच ठेवा. डेप्युटी कलेक्टर, तहसीलदार व्हायला जो इतिहास, भूगोल आणि राज्यघटना लागते, ती आर्ट्सलाच शिकवतात. पण पंधराव्या वर्षी ती घेतली तर पोरगं वाया गेलं. तेच पोरगं आधी बी.ई. होऊन, बापाचे चार-पाच लाख घालवून, पंचविसाव्या वर्षी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मेसचा डबा खात तोच इतिहास वाचायला लागलं, की ते जिद्दी. आयोगाच्या परीक्षेला पदवी लागते, दहावीत किती पडले होते याचे गुण तिथे कुणी धरत नाही. हे सांगू नका. उगाच मुलं पंधराव्या वर्षीच जिद्दी व्हायची.

चाळीस टक्केवाल्या मुलासाठी आयटीआय. 'जावं लागलं बिचाऱ्याला' असं म्हणायचं. तुमच्या बाथरूमचा गीझर गेले तीन आठवडे बंद आहे, वायरमन 'आज येतो, उद्या येतो' करतोय, आणि आलाच तर तो सांगेल ते पैसे तुम्ही मुकाट्यानं देणार आहात, याचा इथे संबंध जोडू नये. सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनची जागा काठावर पास झालेल्याला सहसा मिळतच नाही, तिथेही गुणवत्ता यादी लागते, हेही माहीत नसलेलंच बरं. या बाबतीत शासन तुमच्या पाठीशी आहे. मागे गुणपत्रिकेवरचा 'नापास' हा शेरा मुलांच्या मनाला लागतो म्हणून काढायचं ठरलं आणि त्याजागी 'कौशल्य विकासास पात्र' अशी भाषा आली. पस्तीस मिळवले की माणूस कौशल्यातून सुटतो, चौतीसला अडकतो. इतकी स्पष्ट भूमिका आपल्या एखाद्या शिक्षणतज्ज्ञानंही घेतली नव्हती.

क्लाससाठी लातूरला पाठवायचं का, असा प्रश्न येईलच. पाठवाच. दोन वर्षं कॉलेज नावाला, क्लास दिवसभर, खोलीत चौघं, आणि रविवारी टेस्ट. अकरावीत प्रवेश मिळवायला ज्या दहावीच्या गुणांसाठी जीव टाकला, ते गुण ज्या कॉलेजात घेऊन गेले त्या कॉलेजात मूल हजेरीपुरतं जातं, आणि पुढे मेडिकलच्या 'नीट' किंवा इंजिनिअरिंगच्या सीईटीच्या यादीत दहावीला फारशी किंमत नसते. पण दहावीला किती होते हे क्लासवाले विचारतात. त्यावरून कुठल्या बॅचला बसवायचं ते ठरतं, आणि वरच्या बॅचला कोणते सर आणि खालच्या बॅचला कोणते, हेही.

मुलींच्या बाबतीत धोरण वेगळं. 'यंदाही मुलींची बाजी' हा मथळा वर्तमानपत्रं बहुधा कायम जुळवूनच ठेवत असावीत. २०२५ ला मुली ९६.१४ टक्के पास, मुलगे ९२.३१. तुमच्या नात्यात पोरीला चौऱ्याण्णव आणि तिच्या भावाला एकसष्ट पडले, तर गोंधळून जाऊ नका. आधी 'पोर हुशार आहे हो' म्हणा. मग तिच्या वडिलांना विचारा, अकरावीचं कॉलेज कुठे आहे? तालुक्याला. एसटी किती वाजता? संध्याकाळची शेवटची साडेपाचला, आणि ती यायची खात्री नाही. मग 'एकटी कशी यायची-जायची?' एवढा प्रश्न अंगणात टाकून चहा प्या. उत्तर तुम्हाला द्यायचं नाही, ते भावकी देईल. एसटीची आणखी एक फेरी मागायला आगारात जायचं, असं त्या बैठकीत कुणालाच सुचणार नाही, तुम्हीही सुचवू नका. भाऊ पुण्याला डिप्लोमाला जाईल, डोनेशन भरून, सोसायटीचं कर्ज काढून, कारण त्याला एकसष्टच आहेत आणि त्याला आधाराची गरज आहे. तिला चौऱ्याण्णव आहेत, ती कुठेही चमकेल, म्हणून तिला गावातच ठेवतात. तिचे मार्क वाया जात नाहीत. तीन-चार वर्षांनी बायोडेटात ते पहिल्या ओळीत येतात. नातवंडांचा अभ्यास घेईल अशी सून सगळ्यांनाच हवी असते.

कोकणातला भाचा असेल तर तुमचं काम आणखी सोपं. कोकण विभागीय मंडळ २०१२ साली वेगळं झालं तेव्हापासून निकालात कोकण पहिलंच. २०२५ ला ९८.८२ टक्के. निकालात पहिला नंबर, आणि पुढची पायरी मुंबईची गाडी. तुम्ही विरारहून फोनवर म्हणायचं, 'ये इकडे, बघू काहीतरी.' रत्नागिरी-सिंधुदुर्गात एवढी हुशार पोरं दरवर्षी निघतात, ती चतुर्थीलाच का दिसतात, असं कुणी विचारलं तर 'कोकणी माणूस शांत' म्हणून विषय बदला.

नापास झालेल्या घरीही फोन करावा लागतो. तिथे सचिनचं भाषण. सोळाव्या वर्षी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, तो कराचीत पाकिस्तानविरुद्ध कसोटी खेळत होता. मार्कांनी काय होतं? त्याच सकाळी शिवाजी पार्कवर बॅट घेऊन उतरलेल्या बाकीच्या शे-दोनशे मुलांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही, भाषण अगदी सुरक्षित आहे. फक्त वेळ सांभाळा. 'मार्कांना काही अर्थ नसतो' हे वाक्य स्वतःच्या मुलाला त्र्याण्णव पडल्याची खात्री झाल्यावरच उच्चारायचं. मी हे भाषण आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांच्यात एकाच्याही घरी त्या वर्षी पंचेचाळीसवाला नव्हता. आणि ज्याच्या घरी तो असतो त्याला भाषणाला वेळ नसतो, तो फेरपरीक्षेचा फॉर्म भरायच्या रांगेत असतो.

तुमचा एखादा चौकस पुतण्या विचारेल, की काका, हे मार्क खरंच कुठे लागतात का? लागतात. अनेक आयटी कंपन्या कॅम्पसला येतात तेव्हा दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे साठ टक्के मागतात. दहावीच्या मार्चमध्ये कावीळ झाली होती असं सांगायला त्या फॉर्ममध्ये रकाना नसतो. आणि एक नोकरी अशी आहे जी निव्वळ दहावीच्या गुणांवर मिळते: ग्रामीण डाक सेवक. मुलाखत नाही, परीक्षा नाही, वरच्या पदवीला वजन नाही. दहावीची टक्केवारी चार दशांश स्थळांपर्यंत काढून यादी लावतात. अख्ख्या घरानं वर्षभर टीव्ही बंद ठेवून, पाहुणे टाळून, लग्नकार्यं बुडवून जो आकडा मिळवला, त्याचा इतका बारीक मान दुसरं कुणी राखत नाही. तरी पंच्याण्णव टक्केवाल्याच्या घरी जाऊन 'गावातल्या पोस्टात लावा' म्हणून बघा. पेढे परत मागतील.

शेवटी प्रमाणपत्राचं. निकालाच्या कागदाचा फोटो काढून सगळे स्टेटसला ठेवतात, त्यातला टक्का दोन वर्षांत शिळा होतो. पण प्रमाणपत्रावर जन्मतारीख, आईचं नाव आणि स्पेलिंग असतं, ते पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत पिच्छा सोडत नाही. आपल्या खेड्यापाड्यांत किती जणांचा वाढदिवस १ जूनला असतो ते बघा. त्या दिवशी कुणी फारशी जन्मली नव्हती, मास्तरांनी शाळेत नाव घालताना सोयीची तारीख टाकली होती, आणि मग ती दहावीच्या कागदावर चढली. त्यामुळे ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून माणसं घाऊक निवृत्त होतात, श्रावणात जन्मलेलीसुद्धा.

तेव्हा फोन ठेवता ठेवता पोराला एवढं सांगा: नावात 'ए' एक आहे की दोन, आईचं नाव बरोबर आहे का, तारीख जन्मदाखल्याशी जुळते का, ते याच आठवड्यात बघून घे. चूक असेल तर शाळेत मुख्याध्यापकांकडे अर्ज दे, नंतर फार हेलपाटे पडतात. आणि मूळ कागद लॅमिनेट करू नकोस. तो 'बरं' म्हणेल आणि फोन आईकडे देईल. आईला म्हणा, 'मग, सायन्सच ना?'